माळ्यावर रात्री कोण चालतं? भोक बुजवूनही परत येणारं उदमांजर

तक्रार अशी. दिवेलागणीनंतर तास-दीड तासाने माळ्यावर धप्प. मग चार पावलं, थांबणं, पुन्हा चार पावलं. एखादं कौल सरकल्याचा कर्र आवाज. त्यानंतर रात्रभर सामसूम, आणि पहाटे चारच्या आगेमागे तेच सगळं उलट्या क्रमाने. सकाळी ओटीवर कौलाचा चुरा आणि पडवीच्या कठड्यावर बियांनी गच्च भरलेली ओली विष्ठा. भोक शोधून बुजवलं की महिना-दोन महिने बरे जातात. मग पुन्हा धप्प.

आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं. घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागच्या दाराला लागूनच माडा-पोफळींचं आगर. स्लॅबच्या घरांना हा त्रास नसतो असं नाही. तिथे तो टाकीच्या खाली, जिन्याच्या पत्र्यात किंवा शेडच्या पोकळीत होतो. आम्ही काय काय चुकवलं आणि शेवटी कशाने थांबलं ते सगळं लिहिते, कारण गावात ज्याला विचारावं तो "भोक बुजवा" एवढंच सांगतो आणि आमची तीन वर्षं त्या दोन शब्दांतच गेली.

आधी कोण आहे ते ठरवा

आवाजावरून निम्मं कळतं. उंदरांची पळापळ हलकी आणि सतत असते, मधेच कुरतडल्याचा आवाज येतो आणि ती रात्रभर चालते. उदमांजर तीन-चार किलोचं जनावर. ते चालतं तेव्हा वर एखादं लहान मूल अनवाणी फिरतंय असं वाटतं. पावलंच नाहीत, पण कुकरची शिट्टी गळावी तसा फुत्कार येतो, मधूनच अंगावर काटा आणणारी किंकाळी, तर ते गव्हाणी घुबड. त्याच्या बसायच्या जागेखाली केस आणि बारीक हाडांचे वाळलेले गोळे सापडतात. त्याला मुळीच हलवू नका, उंदरांचा बंदोबस्त त्याच्याइतका स्वस्तात कोणी करून देणार नाही. संध्याकाळी ऐन काळोख पडताना कौलांच्या फटीतून खसखस आणि बारीक चिवचिव आली तर वटवाघळं. त्यांच्या लेंड्या उंदराच्या लेंडीसारख्याच दिसतात, पण काडीने दाबल्या की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. दिवसाढवळ्या धडधड असेल तर खार किंवा वानर, त्याचं औषध निराळं. आणि उंदरांची पळापळ एकाएकी थांबून मिनिटभर अगदी चिडीचूप झालं, तर वर धामण आली असेल. तिला तिचं काम करू द्या.

आवाजावर भागत नसेल तर राख. आमच्याकडे न्हाणीघरात अजून पाणचूल आहे, तिची राख पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून एका फळीवर पातळ पसरली आणि ती फळी संध्याकाळी माळ्याच्या तोंडाशी ठेवली. राख जाड घालू नका, ठसा ढासळतो. रांगोळी घालण्याआधी जमीन जेमतेम पांढुरकी दिसावी एवढीच. सकाळी मी आणि आमचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा गडी, दोघंही त्या फळीवर वाकलो. मी म्हटलं, मांजर दिसतंय. तो म्हणाला, "वयनी, ह्यो मांजराचा पाय न्हाय. मोजा बोटं." मोजली. पाच. मांजराच्या ठशात चारच उमटतात. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठा ठसा, पुढे पाच बोटांची कमान, मागे मांसल गादी, नखांचे ठिपके कुठे आहेत, कुठे नाहीत. फळीच्या कडेला शेपटी टेकल्याचा एक फराटा. एवढी एक फळी तीन वर्षांपूर्वी ठेवली असती तर डांबरगोळ्यांचा खर्च वाचला असता.

तिसरी खूण विष्ठेची. उदमांजर फळं खातं आणि बिया अख्ख्याच्या अख्ख्या बाहेर टाकतं. तेही वाटेल तिथे नव्हे. कठडा, गडग्याचा (आवाराच्या दगडी बांधाचा) सपाट दगड, आढ्याजवळचं कौल अशा उघड्या, उंच आणि ठरलेल्या जागी. आमच्या कठड्यावर मी वर्षभराचं कॅलेंडर वाचायला शिकले. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं, मग चिकू, कधी पपईच्या काळ्या बिया, आणि मधूनच भेरली माडाच्या. भेरली माडाचं फळ नुसतं हातात चोळलं तरी आपल्याला खाज सुटते आणि हे ते चवीने खातं. फळांच्या जोडीला उंदीर, किडे, गोगलगायी हेही चालतं. इंडोनेशियात याच प्राण्याच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी सोन्याच्या भावाने विकतात, हे ऐकल्यापासून सासूबाई मला रोज सकाळी "काय गं, आज काय भाव?" असं विचारतात.

नावांचा घोळ आहे तोही सांगून टाकते. कुणी उदमांजर म्हणतं, कुणी कांडेचोर, कुणी मसण्याऊद. पाणमांजरालाही काही ठिकाणी ऊद म्हणतात, तो प्राणी वेगळा, तो खाडीत. मसणात मढी उकरतो ही समजूत या बिचाऱ्याला कुठून चिकटली कोण जाणे. दिसायला काळपट करडं, पाठीवर तुटक काळ्या रेघा, तोंड काळं, डोळ्याखाली पांढुरका डाग आणि अंगाएवढी लांब शेपूट. शेपटीवर कडी दिसली तर ते जवादी मांजर. ते सहसा जमिनीवरच वावरतं, त्यामुळे माळ्यावर सापडायचं नाही.

आम्ही काय केलं आणि काय झालं

डांबरगोळ्या: पाव किलो. माळाभर वास, खालच्या तांदळाच्या पिंपात वास, आमच्या उशांना वास. उदमांजराने एक गोळी ढकलत नेऊन वळचणीतून खाली टाकली, त्याउपर काही नाही.

मिरचीची धुरी: आम्ही सगळे खळ्यात (पुढच्या अंगणात) खोकत बसलो होतो. माळ्यावरची हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि धूर माजघरात उतरतो, हे कौलारू घरात आयुष्य काढलेल्या माणसांना आधी सुचायला हवं होतं.

रेडिओ आणि दिवा: चार रात्री उपयोग झाला, पाचव्या रात्री रेडिओवर बातम्या आणि वर पावलं. अगदी फुकट गेलं असं मात्र म्हणणार नाही. वर पिल्लं असतील तर सततचा उजेड आणि माणसाचा आवाज यांनी मादी पिल्लं दुसरीकडे हलवते, आणि तेवढ्यासाठी हा उपाय कामाचा आहे.

सुतळी बॉम्ब शेजारच्या तात्यांनी सुचवला होता. माळ्यावर आंबे पिकवायच्या अढीचं गवत असताना!

उंदराचं विष कुणी दिलं तर नको म्हणा. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबड मरतं, आणि उदमांजर वासे आणि फळ्यांच्या मधे कुठेतरी मेलं तर चौथ्या दिवसापासून घरात जेवण जात नाही. पिंजराही नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि उदमांजर त्यात संरक्षित आहे. धरणं, मारणं, पाळणं सगळं गुन्ह्यात बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही. चार गावं पलीकडे सोडलेला प्राणी तिथल्या दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन पडतो, आणि तुमचा माळा रिकामा झाला की जवळचं दुसरं उदमांजर त्यात येतं. वास तयार, वाट तयार, नुसतं भाडेकरू बदलणं.

आता मुख्य चूक. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात, शाकारणीच्या (पावसाआधी कौलं नीट करायच्या) वेळी, आम्ही शहाणपणाने भोक दिवसा न बुजवता रात्री बुजवायचं ठरवलं. कारण दिवसा ते वर झोपलेलं असतं, कोंडलं गेलं तर फळ्या फोडून माजघरात उतरतं. आठला ते बाहेर पडताना बघितलं, लगेच शिडी लावली, नवं कौल बसवलं, खाली उतरून चहा केला. रात्री एकला जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. बाहेरून कौलं ओरबाडल्याचा आवाज आणि आतून, अगदी माझ्या डोक्यावर, चिक-चिक-चिक अशी बारीक, थकलेली हाक. पिल्लं आत होती. नवऱ्याने काळोखात शिडी धरली, मी चढून कौल काढलं, आणि काढताना हातभर अंतरावर दोन डोळे टॉर्चच्या उजेडात केशरी पेटले. ती गुरगुरलीही नाही. मी उतरेपर्यंत थांबली आणि मग आत गेली. सकाळी बघितलं तर तीन कौलं फुटली होती आणि एका रिपेवर तिच्या नखांच्या पांढऱ्या रेघा होत्या.

उदमांजराची पिल्लं वर्षात केव्हाही होऊ शकतात, एका वेळी दोन ते पाच. त्यामुळे "मे महिना सुरक्षित, दिवाळी सुरक्षित" असा हिशेब नाही. दर वेळी तपासायचं.

परत का येत होतं

तिसऱ्या वर्षी मी काही बुजवायच्या आधी बसून बघायचं ठरवलं. सलीम अली १९३० साली आपल्याच कोकणात, किहीमला, सुगरणींची वसाहत महिनोन्‌महिने बघत बसले तेव्हा कुठे एक नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार मांडतो हे नीट कळलं. माझी मजल अकरा रात्रींची. खळ्यात खुर्ची, टॉर्चला लाल जिलेटीन कागद, डासांसाठी अंगभर शाल आणि एक वही. पहिल्या तीन रात्री काही दिसलं नाही, कारण मी भोकाकडे टक लावून बसले होते. चौथ्या रात्री मान दुखली म्हणून वर बघितलं आणि फणसाच्या फांदीवरून एक काळी सावली सरळ छपरावर उतरताना दिसली.

वहीत त्या रात्रीपासूनच्या आठही रात्रींना तेच लिहिलंय: पोफळीतून गडगा, गडग्यावरून फणस, फणसाच्या तिसऱ्या फांदीवरून छप्पर. चांदण्या रात्री उशिरा, काळोख्या रात्री लवकर. भोकं मात्र तीन वर्षांत पाच वेगवेगळी झाली होती. आम्ही दर वेळी भोक बुजवत होतो आणि ते त्याच फांदीवरून येऊन शेजारचं कच्चं कौल शोधत होतं. वाट एकदाही बदलली नव्हती, बदलत होतं ते फक्त दार.

मग पुढचा प्रश्न: यायचं कशाला? हे कळायला वही लागली नाही, लाज वाटली तेवढी. आमची आंब्याची अढी माळ्यावर असते. आजेसासऱ्यांपासून तिथेच. गवताच्या थरांत पिकणारे रायवळ आणि हापूस, कडेला दोरीला टांगलेला केळीचा घड, कोपऱ्यात पिकायला ठेवलेला फणस. आम्ही दर उन्हाळ्यात पंगत मांडत होतो आणि पाहुणा आला म्हणून बोंबलत होतो.

आणि तिसरं, ज्याबद्दल घरात अजून एकमत नाही. हा त्रास सुरू झाला त्याच्या आदल्या वर्षी आम्ही विहिरीजवळचा जुना रायवळ तोडला. पोकळ झाला होता, वादळात घरावर येईल अशी भीती होती, आणि निसर्ग वादळात (२०२०) दापोलीत काय झालं ते ज्याने बघितलं तो आम्हाला दोष देणार नाही. पण तोडताना खोडात माणूस उभा राहील एवढी ढोल निघाली होती, आणि ढोलीच्या तळाशी वितभर बियांचा थर. तेव्हा आम्ही तो थर फावड्याने ओढून माडांच्या आळ्यात टाकला. उदमांजराला दिवसा झोपायला ढोल लागते. ढोल गेली, जवळ कोरडा, अंधारा, उंच माळा होता. नवरा म्हणतो योगायोग. मी त्या बिया बघितल्या आहेत.

थांबलं ते असं

सगळ्यात आधी अढी खाली आणली. मागच्या खोलीत, दाराला खालून फट नाही अशा ठिकाणी, खिडकीला जाळी. केळीचा घडही आत. संध्याकाळी झाडाखालचे पडके चिकू आणि जांभळं गोळा करून सांदीच्या खड्ड्यात. मांजराचं उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवायचं बंद. कोंबड्या असतील तर खुराड्याची कडी अंगठ्याने दाबून बघा. फळं हे त्याचं मुख्य खाणं असलं तरी पिल्लू हाताशी आलं तर ते सोडत नाही. चिकूच्या शेंड्यावरची फळं मात्र आम्ही तशीच ठेवतो. तिथवर आमचा झेला (फळं काढायची जाळीची काठी) पोचत नाही आणि त्याला घराबाहेर काहीतरी असावं.

फणसाची ती फांदी आणि आंब्याच्या दोन फांद्या छपरापासून आठ फूट मागे छाटल्या. पागोळीला टेकलेला एक माड होता, त्याच्या बुंध्याला माणसाच्या डोक्याच्या वर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला. उंदीर माडावर चढू नयेत म्हणून हा पट्टा पूर्वापार लावतात, इथेही चालतो. पाडेली कुरकुरला, कारण त्याचा पाय घसरतो. मग पट्ट्याला खिळे न मारता तारेचं आकडं केलं, तो चढायच्या आधी काढतो, उतरल्यावर लावतो. विजेची तार छपरावरून जात असेल तर तिला आणि तिच्या जवळच्या फांदीला स्वतः हात लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं. डिशची केबल आम्ही भिंतीला ठोकून खाली आणली. तीही एक वाट होतीच.

वाटा तुटल्यावर मग भोकं. आधी सगळ्या फटी बुजवल्या, एक सोडून. त्या एकीत वर्तमानपत्राचा बोळा सैल खुपसला. आत कुणी असेल तर बाहेर पडताना बोळा पडतो, बाहेरून आलं तरी पडतो. पहिल्या दोन रात्री सकाळी बोळा खळ्यात. त्या दिवसांत माळ्यावर दिवा चालू ठेवला, रेडिओ लावला, आणि दिवसा कान लावून पिल्लांचा आवाज येतो का ते ऐकलं. आवाज आला असता तर थांबले असते, पिल्लं आईबरोबर बाहेर फिरायला लागेपर्यंत; दोन-अडीच महिने गेले असते, आणि तेवढे जाऊ द्यायची माझी तयारी होती. तसं झालं नाही. नंतर सलग चार रात्री बोळा जागच्या जागी राहिला, तेव्हा शेवटची फट बंद केली.

बंद करायला कोंबडीची जाळी वापरू नका, ती उदमांजर दातांनी उसवतं. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी वळचणीत वाशांच्या मधून भिंतीला पक्की ठोकली, त्यामुळे हवाही खेळती राहिली. आढ्यावरची कोनं, म्हणजे आढं झाकणारी कौलं, चुन्या-सिमेंटात पुन्हा बसवली. हलती कौलं रिपेला तारेने बांधली, पण सगळी नाही, कडेच्या दोन ओळीच. सगळी बांधली तर पुढच्या शाकारणीला गडी शिव्या देतील.

साफसफाई हा भाग लोक टाळतात आणि तिथेच परत येण्याचं मूळ असतं. ज्या जागेला त्याच्या मुताचा आणि अंगाचा वास आहे ती जागा पुढच्या उदमांजराला दुरून सापडते. तो वास नेहमी वाईटच असतो असंही नाही. आमच्या माळ्यावर काही दिवस चक्क आंबेमोहोर शिजत असल्यासारखा घमघमाट होता आणि सासूबाई दोनदा स्वयंपाकघरात बघून आल्या. सुकी विष्ठा झाडूने ओढू नका, धूळ नाकात जाते. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आधी पाण्याचा फवारा, मग खरवडणं, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फळ्या पुसणं. निघतील त्या फळ्या तीन दिवस उन्हात.

आणि माळ्यावरच्या गवतात, पोत्यांखाली, रचलेल्या कौलांत उघडा हात घालू नका. उदमांजरापेक्षा मला तिथल्या लाल विंचवाची भीती जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला आणि विंचूदंशाने जाणारी कोकणातली कितीतरी माणसं वाचली, तरी त्या उपचारापर्यंत वेळेत पोचावं लागतंच. गडग्याकडे जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च, कारण जांभ्याच्या सापटीत फुरसं हा विषारी साप असतो आणि तो जांभ्याच्याच रंगाचा असतो.

बंद घरवाल्यांसाठी

वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घर उघडणाऱ्यांना हा प्रकार आणखी मोठा भेटतो. दहा महिने माणूस नाही, माळा शांत, परसात फळं कुणी काढत नाही. अशा घरात आल्या आल्या माळ्याचं दार धाडकन उघडून आरडाओरडा करू नका, ते घाबरून खालच्या खोल्यांत शिरतं. आल्या दिवशी खाली दिवे लावा, बोलाचाली होऊ द्या, माळ्याची बाहेरची फट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा एक-दोन रात्रींत ते आपण होऊन जातं. खोलीत अडकलंच तर बाहेरचं एक दार उघडं टाका, घरातले दिवे बंद करा, सगळ्यांना ओटीवर न्या आणि कुत्र्याला बांधा. काळोख पडला की ते दार शोधून काढतं.

विहिरीत पडलेलं दिसलं तर वर ओढायला जाऊ नका. कळकाची शिडी किंवा खरबरीत जाड फांदी पाण्यापर्यंत सोडून लांब जा, चढण्यात ते आपल्यापेक्षा हुशार आहे. जखमी असेल, किंवा आईविना पिल्लू सापडलं, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. पिल्लाला दूध पाजून फोटो काढत बसू नका; आई बहुधा जवळपासच असते, संध्याकाळपर्यंत टोपलीत आडोशाला ठेवून बघा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. लहानशी खरचट म्हणून सोडायचं नाही.

जे फसलं तेही सांगते. ढोलीच्या बदली म्हणून आम्ही आंब्यावर फळ्यांची पेटी बांधली, दोन हात लांब, एका बाजूला वितभर भोक. पंधरा दिवसांत तिच्यात सातेरी मधमाश्या आल्या आणि अजून आहेत. मध काढायचा की नाही यावर घरात नवा वाद. दुसरं म्हणजे माळ्यावर उंदीर वाढले. उदमांजर त्यांना खात होतं हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. आता वाडीच्या टोकाला शेंडा गेलेला एक माड आम्ही मुद्दाम उभा ठेवलाय, घरापासून लांब, पडला तरी कुणावर पडणार नाही असा. त्यावर दोन महिन्यांपूर्वी गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं होतं. राहिलं तर उंदरांचं बघता येईल.

गडग्यावर आणि माळ्याच्या तोंडाशी अशा दोन फळ्या मी अजून राख टाकून ठेवते, आठवड्यातून एकदा. काल सकाळी गडग्यावरच्या फळीवर पाच बोटांचे ठसे होते, सरळ चिकूच्या दिशेने गेलेले, आणि त्यांच्या बाजूने आणखी तीन, तसेच पण नाण्याएवढेसुद्धा नाहीत असे. माळ्याच्या फळीवर फक्त पालीची शेपटी ओढल्याची एक वाकडी रेघ होती.